रानडुकरासाठी बत्तीस बोर? आधी काम ठरवा, मग बोर



आजची नोंद थोडी वेगळी आहे. फवारणी नाही, खत नाही, बाजारभावही नाही. बंदुकीच्या बोरबद्दल आहे. पण गोष्ट सुरू हरभऱ्यातूनच झाली, म्हणून इथं लिहितो.

मागच्या आठवड्यात पहाटे शेजारच्या वावरवाल्या पोराचा फोन आला. "काका, या बरं लवकर." गेलो. दोन एकर हरभरा, घाटे भरायला आलेले. त्यातला निम्मा रानडुकरांनी एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखा उलटा केला होता. आमचा पट्टा उमरेड तालुक्यातला, कऱ्हांडल्याचं जंगल जवळ. डुकरं आणि रोही आम्हाला नवे नाहीत. पण याच वावरातलं सोयाबीन खरिपात अर्धं गेलं होतं आणि पीककर्ज तसंच डोक्यावर आहे. पोरगा धुऱ्यावर बसून होता. बऱ्याच वेळानं बोलला.

"काका, बैलजोडी इकतो आन् रिव्हॉल्वर घेतो. एकानं सांगतलं मले, खिशात मावते, जागलीले बरं पडते. तुमी एनसीसीत होते ना? सांगा, बत्तीस बोर घेऊ का बावीस?"

मी म्हटलं, "अरे राजा, दोन्ही नको." त्याचं तोंड पडलं. त्याला वाटलं, काका टाळतो. टाळत नव्हतो. पण "नको" म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि ते धुऱ्यावर उभ्यानं सांगून होत नाही. हाच प्रश्न आणखी दोघा-तिघांनी यंदा विचारला. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी लायकी सांगतो. मी शस्त्रतज्ज्ञ नाही. नागपूरला कॉलेजात एनसीसीत बावीस बोरची रायफल चालवली. घरी वडिलांची परवान्याची बारा बोर होती, ती पुढे माझ्या नावावर झाली आणि बरीच वर्षं जागलीला सोबत होती. एवढाच अनुभव. बाकी वाचून, विचारून समजून घेतलेलं.

बोर म्हणजे जोर नाही

पहिला घोळ इथंच होतो. बत्तीस बोर म्हणजे गोळीची रुंदी, इंचाच्या शंभरात बत्तीस भाग, म्हणजे साधारण ८ मिलिमीटर. बावीस म्हणजे ५.६ मिलिमीटर. हवेच्या पिस्तुलाचा छर्रा ४.५ मिलिमीटर. बारा बोरचा हिशोब मात्र उलटा आहे. नळीत बसतील असे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बारा बोर. तिची नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे बारा हा आकडा बत्तीसपेक्षा लहान असला तरी नळी दुपटीहून मोठी.

आता जोराचं बघा. जोर ज्यूलमध्ये मोजतात. शंभर ग्रॅमचं वजन मीटरभर उचलायला जेवढी ताकद लागते तेवढा साधारण एक ज्यूल. बावीस बोरच्या पिस्तुलाची गोळी शंभर-सव्वाशे ज्यूलची. बत्तीस बोर रिव्हॉल्वरची दीडशेच्या आसपास. फौजेच्या ९ एमएम पिस्तुलाची पाचशेच्या आसपास. बारा बोरचं काडतूस सगळे छर्रे मिळून दोन हजारांच्या वर. आणि .३१५ रायफल तीन हजारांच्या आसपास.

यातली गंमत ध्यानात घ्या. बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर आणि .३१५ची रायफल, दोन्हीच्या गोळीची रुंदी जवळपास सारखी. जोरात मात्र वीसपट फरक. पाइप दोन्ही वावरात अडीच इंचीच असला, पण एकाला एक एचपीची मोटर आणि दुसऱ्याला साडेसातची, तर पाणी सारखं येईल का? बोर हा पाइप आहे. मोटर म्हणजे काडतुसातली दारू, गोळीचं वजन आणि नळीची लांबी. रिव्हॉल्वरची नळी असते तीन इंचाची. तिथं मोटरच लहान आहे.

आणि बावीस आणि बत्तीसमध्ये लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. दोन्ही एकाच पंक्तीतले. बावीस घ्यावी का बत्तीस, हा प्रश्न डुकरासमोर निरर्थक आहे.

मग ही हत्यारं कशासाठी आहेत?

फवारणीचं उदाहरण घ्या. तणनाशकाला आपण फ्लॅट फॅन नोझल लावतो, कीटकनाशकाला हॉलो कोन. पंप तोच, माणूस तोच, पण काम पाहून नोझल. बोरचंही तसंच.

एक, नेमबाजीचा खेळ. इथं जोर नको, अचूकपणा हवा. म्हणून खेळात लहान बोर. दहा मीटरवर ४.५ मिलिमीटरचं हवेचं पिस्तूल. मनू भाकरनं २०२४ साली पॅरिसला कांस्य आणलं ते यावरच. पंचवीस मीटरवर बावीस बोरचं पिस्तूल. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते या प्रकारात. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं कांस्यही बावीस बोरचंच, फक्त रायफल आणि अंतर पन्नास मीटर. बावीसला झटका कमी, आवाज कमी, काडतूस स्वस्त, म्हणून दिवसभर सराव करता येतो. बत्तीसलाही खेळात मान आहे. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात बरेच नेमबाज बत्तीसच वापरतात, कारण ती शांत आणि नेमकी चालते. जसपाल राणानं २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. गावातल्या कोण्या पोरापोरीला नाद असेल तर सुरुवात हवेच्या पिस्तुलानं करावी. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण ती पाखरं मारायला नाही, हे पोराला आधी सांगा.

दोन, स्वतःच्या जिवाचं रक्षण. म्हणजे माणसापासून धोका, आणि तोही चार-पाच पावलांवर. आपल्या देशात सामान्य नागरिकाला यासाठी मिळणारा नेहमीचा बोर म्हणजे बत्तीस. ९ एमएम, .३८, .४५, .४५५ हे प्रतिबंधित बोर आहेत, ते आपल्यासाठी नाहीत. त्यामुळे "कोणता बोर चांगला" या परदेशी व्हिडिओतल्या चर्चा बघून डोकं खराब करू नका. तिथल्या निम्म्या बोरांचा परवानाच इथं मिळत नाही.

बत्तीसमध्येही दोन प्रकार आहेत, रिव्हॉल्वर आणि पिस्तूल. रिव्हॉल्वर साधं. सहा गोळ्या, आणि एखादी फुसकी निघाली तर पुन्हा घोडा ओढला की पुढची समोर येते. पिस्तुलात अडकलेलं काडतूस काढायला सराव लागतो. दोघांची काडतुसंही वेगळी. बत्तीस-बत्तीस म्हणून एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. कानपूरहून २०१४ साली निर्भीक आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, तेव्हाची किंमत एक लाख बावीस हजारांवर. २०२३ साली प्रबल आलं. वजन, मूठ, चाप यांत सुधारणा असेल, पण बोर बत्तीसच. नाव नवं झालं म्हणून गोळीचा जोर वाढत नाही.

शेतकऱ्याला याची गरज किती? पूर्वी कळमन्याला माल विकून रोख रक्कम कनवटीला बांधून रात्रीचं गावी यावं लागायचं, तेव्हा प्रश्न खरा होता. आता बहुतेक पैसा खात्यात येतो. तरीही कोणाला खराच धोका असेल तर त्यानं तो कागदावर मांडून रीतसर अर्ज करावा, माझी हरकत नाही. पण मग "पिकासाठी" म्हणू नये.

तीन, पीकसंरक्षण. इथं माझं मत स्पष्ट आहे. मुठीत धरायचं कोणतंही हत्यार, बत्तीस असो का बावीस, या कामाचं नाही.

का नाही, ते सांगतो

मोठा डुक्कर ऐंशी-शंभर किलोचा भरतो. नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो. आपसातल्या झुंजीत सुळे लागू नयेत म्हणून निसर्गानं दिलेली ढालच ती. दीडशे ज्यूलची गोळी तिथं लागली तर डुक्कर मरत नाही, जखमी होतो. आणि रात्री, टॉर्चच्या उजेडात, वीस-पंचवीस पावलांवर, पळत्या जनावराला तीन इंची नळीनं नेम धरणं हे खेळाडूलाही अवघड आहे. आपला हात तर दिवसभर कुदळ धरून थकलेला.

जखमी डुक्कर कुठं जातो? नाल्याच्या झुडपात नाहीतर कोणाच्या तुरीत जाऊन बसतो. सकाळी त्या तुरीत कोण जातं? आपली आई, आपली बायको, नाहीतर कापूस वेचायला आलेली मजूर बाई. रात्री तुम्ही झाडलेल्या गोळीचं बिल सकाळी तिच्या अंगावर फाटतं. मला बत्तीस बोरची सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची.

दुसरं, चुकलेली गोळी. बावीसची गोळीसुद्धा मैलभर धोकादायक असते. आपली वावरं सपाट. पलीकडच्या मचाणावर दुसरा कोणी जागलीला बसलेला असतो, त्याची टॉर्चही डुकराच्या डोळ्यासारखीच चमकते. बारा बोरचा छर्रा हवेत लवकर दम सोडतो, एकट्या गोळीपेक्षा खूपच लवकर. तरी एलजीचे मोठे छर्रे बरेच लांब जातात, म्हणून बारा बोर घेऊनही मचाणावरून जमिनीकडे, मागं मातीचा बांध बघूनच चाप ओढायचा असतो.

तिसरं म्हणजे कायदा, आणि इथं तो आपल्या बाजूनं शहाणा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३मध्ये पीकसंरक्षणाचं नाव घेऊन लिहिलं आहे. त्यासाठी ठासणीची बंदूक, आणि तेवढ्यानं भागत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक. म्हणजे आपली बारा बोर. रिव्हॉल्वर-पिस्तुलाच्या नळीला आतून आटे असतात, ती या व्याख्येत बसतच नाही. म्हणून पोराला ज्यानं सांगितलं की पिकाच्या नावावर बत्तीस मिळून जाते, त्यानं त्याची दिशाभूल केली. बैलजोडी विकून अर्ज केला असता, अर्ज फेटाळला गेला असता, आणि पेरणीला बैल भाड्यानं आणावे लागले असते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नाही. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११खाली वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्याचा, परवानगी वनखात्याची. दोन दारं, दोन कागद.

कोणी देशी कट्टा सुचवला तर त्याला घरात घेऊ नका. गुन्हा तर आहेच. शिवाय त्याची नळी कोणत्या काडतुसासाठी घडवली हे बनवणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. बोर आणि काडतूस जुळलं नाही की नळी फुटते, आणि ती तुमच्याच हातात असते.

बोरची यादी कोणी ठरवली?

एक जुनी गोष्ट सांगतो. प्रतिबंधित बोर ही कल्पना इंग्रजांच्या काळातली. १८५७ची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. १८७८ला शस्त्र कायदा आला. पुढे फौजेच्या रायफलीत बसेल असं काडतूस लोकांच्या हाती नको म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोरवर इथं बंदी आली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी साहेब शिकाऱ्यांसाठी .४६५, .४७० असे नवे बोर काढले. .३०३ फौजेची, म्हणून लोकांसाठी .३१५. फौजेचं काडतूस बसेल ते बंद, बाकीचं चालेल, हाच हिशोब आजही यादीत दिसतो.

सांगायचं एवढंच की ही यादी लिहिताना कोणी डुकराकडे पाहिलं नव्हतं, ना हरभऱ्याकडे. राज्याला काय सुरक्षित वाटतं ते पाहिलं होतं. म्हणून दुकानात जे मिळतं तेच आपल्या कामाचं, असं समजू नका. बत्तीस सहज दिसते कारण ती फौजेची नाही, ती डुकरावर चालते म्हणून नव्हे.

पोराचा प्रश्न, आणि माझं उत्तर

पोरानं यावर मला एक सवाल केला, आणि तो खोटा नव्हता. "काका, मारायसाठी नाही म्हणत मी. रात्री अंगावर आला तर? जीव तं वाचला पायजे ना."

डुक्कर अंगावर येतो तेव्हा तीन-चार सेकंद मिळतात. त्यात कमरेचं रिव्हॉल्वर काढायचं, टॉर्च दुसऱ्या हातात, अंधार, छाती धडधडते. लागलं तरी दीडशे ज्यूलनं तो जागेवर थांबत नाही. आणि हातात हत्यार आहे म्हणून माणूस एरवी जिथं गेला नसता त्या झुडपात जातो. खिशातलं रिव्हॉल्वर धीर देतं, आणि नेमका तोच धीर घात करतो. आमच्या भागात वाघही फिरतो, हे विसरू नका. रात्री जीव वाचतो तो उंच मचाणानं, दोघांच्या सोबतीनं आणि जोरदार टॉर्चनं. हे माझ्या इतक्या वर्षांच्या जागलीचं सार आहे.

बारा बोरचंही मी देव्हारं माजवत नाही. तिलाही मर्यादा आहेत. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. धान कापणी, कापूस वेचणी आणि हरभऱ्याची उगवण, सगळं त्याच महिन्यात. डुकरांना आचारसंहिता नसते. छाननी समितीला विनंती करून पीकसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करू नयेत, निदान जंगलालगतच्या गावांत तरी, ही मागणी ग्रामसभेनं करायला हवी.

आणि सरकारी बाजूनं माझं एकच म्हणणं. पिकाचा हंगाम चार महिन्यांचा. पीकसंरक्षणाच्या अर्जाला आणि वनखात्याच्या परवानगीला त्याहून जास्त वेळ लागला तर तो कागद शेतकऱ्याच्या कामाचा नाही. रीतसर मार्ग लांबतो तेव्हाच माणूस बत्तीसकडे वळतो, कट्ट्याकडे वळतो, नाहीतर तारेत घरचा करंट सोडतो. त्या करंटनं डुकरापेक्षा आपलीच माणसं जास्त जवळून मरतात. झटका देणारं सौर कुंपण वेगळं, त्यात जीव जात नाही. दोन्हीत गल्लत करू नका.

म्हणून माझा क्रम असा. आधी कुंपण. मग मचाण आणि पाळीनं जागल. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, अर्ज आणि पंचनामा. आणि एवढं करूनही भागलं नाही तर गुळगुळीत नळीची बंदूक, प्रशिक्षण घेऊन आणि दोन्ही कागद हातात ठेवून. या यादीत बत्तीस बोरला जागा नाही. बावीसला आहे, पण वावरात नाही, नेमबाजीच्या मैदानावर.

पोरानं बैलजोडी विकली नाही. नाल्याकडच्या बाजूला आम्ही चार शेजारी मिळून सौर कुंपण करतोय, खांब परवा उतरले. त्यानं पीकसंरक्षणाच्या बंदुकीसाठी अर्जही टाकला आहे. उरलेल्या एक एकरावर सध्या आळीपाळीनं जागल चालू आहे. आज माझी पाळी. घाटे अजून हिरवे आहेत, पंधरा-वीस दिवस काढायचे आहेत.

तुमच्याकडे कोणाला पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला असेल तर किती दिवस लागले, कोणते कागद मागितले, ते जरूर कळवा. पुढच्या अर्ज करणाऱ्याला उपयोग होईल.

जय किसान.